हिमनगाच्या वाटेत तेलविहीर

मुंबई हाय आणि हायबर्निया ही दोन तेलक्षेत्रे समुद्राच्या जवळजवळ सारख्याच खोलीत आहेत. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदाईच्या जहाजाला मुंबई हायवर तेल लागले, तिथे पाणी ७५ ते ८० मीटर खोल. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून ३१५ किलोमीटरवर १९७९ साली हायबर्निया सापडले, तिथेही पाणी सुमारे ८० मीटरच. मुंबईत ओएनजीसीने पोलादी पायांचे प्लॅटफॉर्म उभे केले, समुद्रतळावर पाइप टाकले आणि तेल उरणला आणले. शोधापासून दोन वर्षांत, १९७६ मध्ये, तेल निघू लागले. हायबर्नियाचे पहिले तेल निघायला १७ नोव्हेंबर १९९७ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या अठरा वर्षांत केंद्र आणि प्रांत यांच्यातला मालकीचा वाद झाला, तेलाचे भाव पडले, भागीदार बदलले, हे सगळे खरेच. पण आराखडा करणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न वेगळाच होता. ज्या समुद्रात दर वसंतात लाखो टनांचे बर्फाचे डोंगर वाहत येतात, तिथे पोलादी पायांचा प्लॅटफॉर्म उभा करायचा तरी कसा? आणि उभा करायचा नसेल, तर विहिरी ठेवायच्या कुठे?

या प्रश्नाला गेल्या चार दशकांत दिलेल्या उत्तरांचा हा आढावा आहे. उत्तरे बहुतेक सगळी एकाच परिसरातली आहेत. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला पसरलेला ग्रँड बँक्स हा उथळ पठारी समुद्र, पूर्वी कॉड माशांसाठी प्रसिद्ध असलेला, आज हिमनगांच्या वाटेतल्या तेल उत्पादनाची जगातली मुख्य प्रयोगशाळा आहे. बाकी ठिकाणी बेत पुष्कळ झाले, प्रत्यक्ष उत्पादन फार थोड्यांचे झाले.

आधी पाहुण्याची ओळख. हे हिमनग बहुतेक ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्यांतून सुटतात. डिस्को उपसागराजवळची इलुलिसातची हिमनदी त्यांतली सर्वांत नावाजलेली. सुटलेला तुकडा आधी उत्तरेकडे जातो, बॅफिन उपसागराला वळसा घालतो आणि मग लॅब्राडोर प्रवाहाबरोबर दक्षिणेला उतरतो. या प्रवासाला साधारण एक ते तीन वर्षे लागतात. वाटेत बहुतेक हिमनग उथळ किनाऱ्याला अडकतात, फुटतात, वितळतात. जे उरतात ते मार्च ते जुलैच्या सुमारास ग्रँड बँक्सवर पोहोचतात. १९१२ साली टायटॅनिक बुडाली ती याच वाटेच्या दक्षिण टोकाला. त्यानंतर १९१४ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय हिम गस्त आजही ४८ अंश उत्तर अक्षांश ओलांडून येणाऱ्या हिमनगांची गणती ठेवते.

ही गणती पाहिली की अभियंत्याची अडचण कळते. १९८४ साली २,२०२ हिमनगांनी ती रेषा ओलांडली. २००६ साली एकानेही नाही. २०१९ मध्ये १,५१५ आले, २०२१ मध्ये फक्त १. सरासरी काढता येते, पण तिचा उपयोग काय? वीस-पंचवीस वर्षे चालणारी यंत्रणा सरासरी वर्षासाठी बांधून भागत नाही. ती १९८४ साठीच बांधावी लागते, आणि २०२१ सारख्या वर्षी तो सगळा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो. नंतर काय घडले ते समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: इथला धोका मोठा आहे, पण विरळ आहे. विरळ धोक्याची माणसाला सवय होत नाही, विसर मात्र पडतो.

हायबर्नियाचे उत्तर सरळ होते: हलायचेच नाही. १११ मीटर उंचीचा काँक्रीटचा प्रचंड पाया न्यूफाउंडलंडमधल्या बुल आर्म येथे बांधला, १९९७ च्या उन्हाळ्यात ओढून नेला आणि समुद्रतळावर बसवला. त्याच्या बाहेरच्या भिंतीला सोळा दाते आहेत. येणाऱ्या हिमनगाचा आघात या दात्यांनी झेलून आत पसरवायचा. दहा लाख टनांचा हिमनग आदळला तर काही बिघडू नये, आणि साठ लाख टनांचा, म्हणजे दहा हजार वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला, आदळला तर दुरुस्त करता येईल इतकेच नुकसान व्हावे, असा हिशेब धरला होता. विहिरी या पायाच्या पोटातून खाली जातात, तेलही त्याच पोटात साठवतात, तेरा लाख बॅरलपर्यंत. समुद्रतळावर उघडे काही ठेवायचेच नाही. या उत्तरात दोष काढायला जागा कमी आहे. हायबर्नियातून आजवर शंभर कोटींहून जास्त बॅरल तेल निघाले आहे. २०१७ साली सुरू झालेल्या हेब्रॉन प्रकल्पाने हाच मार्ग धरला.

पण हे उत्तर श्रीमंताचे आहे. टेरा नोव्हा आणि व्हाइट रोझ ही दोन्ही क्षेत्रे १९८४ साली सापडली. दोन्ही हायबर्नियाहून लहान. एवढ्या तेलासाठी काँक्रीटचा किल्ला परवडणारा नव्हता. म्हणून तिथे तरंगते जहाज आणायचे ठरले. जहाजावरच तेलावर प्रक्रिया करायची, ते साठवायचे आणि दुसऱ्या टँकरमध्ये उतरवायचे. अशा जहाजाला एफपीएसओ म्हणतात. टेरा नोव्हाचे २९२ मीटर लांबीचे जहाज जानेवारी २००२ पासून आणि व्हाइट रोझचे ‘सी रोझ’ नोव्हेंबर २००५ पासून कामाला लागले. किनाऱ्यापर्यंत पाइप नाहीच. जहाज तरंगते, म्हणून विहिरींची तोंडे समुद्रतळावर. आणि तिथेच आपल्या विषयाला खरी सुरुवात होते.

विहिरीच्या तोंडावर झडपांचा जो मनोरा बसवतात, त्याला तेलवाले ख्रिसमस ट्री म्हणतात. समुद्रतळावरचा असा ट्री साधारण चार-पाच मीटर उंच असतो. अनेक ट्रींचे तेल एका मॅनिफोल्डमध्ये जमते, तिथून फ्लोलाइन नावाच्या पाइपातून जहाजाखाली येते आणि रायझर नावाच्या लवचीक पाइपातून वर चढते. शेजारून अम्बिलिकल जाते. त्यात वीज, संदेशाच्या तारा, झडपा उघडायला लागणारे हायड्रॉलिक तेल आणि मिथेनॉल, हे सगळे एकाच जाड दोरासारखे बांधलेले. ९५ ते १२० मीटर पाण्यात हे सारे उघड्यावर मांडले, तर वरून जाणाऱ्या एखाद्या मोठ्या हिमनगाचे बूड त्याला लागणार, हे उघड आहे.

किती वेळा लागणार? इथे हिशेब दोन प्रकारचा आहे आणि बाहेरचा माणूस नेहमी पहिलाच करतो. पहिला हिशेब चरांचा. ग्रँड बँक्सच्या तळावर हिमनगांच्या बुडांनी ओढलेले चर सोनारवर स्पष्ट दिसतात. रुंदी दोन आकडी मीटर, लांबी कधीकधी कित्येक किलोमीटर, पण खोली बहुधा मीटरहून कमी. शिवाय त्यांतले कित्येक चर हिमयुगातले, समुद्राची पातळी खाली असतानाचे. नवे चर विरळ. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या चरांची सूची वर्षानुवर्षे ठेवली आहे, आणि तिच्यावरून काढलेला आकडा धीर देणारा निघतो. पण दुसरा हिशेब तळाला न शिवता जाणाऱ्या बुडांचा आहे. तळापासून दोन-तीन मीटर वरून तरंगत गेलेला हिमनग चर मागे ठेवत नाही, पण चार मीटर उंच ट्री मात्र मोडून जातो. अशा हिमनगांचा पुरावा समुद्रतळावर कुठेच उमटत नाही. त्यांची संख्या खोलीची मोजमापे, वाहण्याच्या दिशा आणि आकाराचे अंदाज यांतून गणिताने काढावी लागते. उंच वस्तूला धोका दोन्हींकडून, तळाशी चिकटलेल्या पाइपाला बराचसा एकाकडूनच. म्हणून इथे विहिरी पुरल्या आणि पाइपांबाबत वेगळा विचार केला. हा फरक कंजुषीतून आलेला नाही, गणितातून आला आहे.

विहिरी पुरण्याच्या या खड्ड्याला ग्लोरी होल म्हणतात. व्हाइट रोझला सुरुवातीला असे तीन खोदले. ड्रेजरने वाळू, गोटे आणि त्याखालचा घट्ट थर उपसून साधारण नऊ-दहा मीटर खोल खड्डा करायचा, बाजू ढासळू नयेत म्हणून उतार ठेवायचा, आणि तळाशी विहिरी खोदून ट्री व मॅनिफोल्ड बसवायचे. सगळ्यांत उंच भागसुद्धा समुद्रतळाच्या पातळीच्या दोन-तीन मीटर खाली राहायला हवा. हे दोन-तीन मीटर का? तळाला घासत येणारा हिमनग त्या घासण्याने थोडा वर उचललेला असतो. खड्ड्याच्या काठावर त्याचा आधार सुटला की तो खाली बसतो, डोलतो. हिमनग मध्येच उलटला तर त्याचे बूड पूर्वीपेक्षा खोलही जाऊ शकते. त्या सगळ्याला जागा ठेवावी लागते.

खड्ड्याचे तोटेही आहेत. खोदाईला मोठा ड्रेजर आणि उन्हाळ्याचे थोडे महिने लागतात. एकदा खोदला की तिथल्या विहिरींची संख्या ठरली. तेलाचा साठा वाकडातिकडा पसरलेला असेल तर दुसरा खड्डा खोदा. २०१० मध्ये नॉर्थ अमेथिस्ट हे छोटे क्षेत्र सुमारे सहा किलोमीटरवरून सी रोझला जोडले, तेव्हा त्यालाही स्वतःचा खड्डा लागला. म्हणून खड्ड्याला पर्याय शोधण्याचे काम तेव्हापासून चालूच आहे. विहिरीचे तोंड जमिनीत रोवलेल्या पोलादी नळकांड्यात बुडवायचे, वर मजबूत कवच घालायचे, किंवा ट्रीच असा करायचा की धडकेत तो ठरलेल्या जागी मोडेल. शेवटची कल्पना ऐकायला भयंकर वाटते, पण तिच्यामागे एक जुनी विश्वासाची वस्तू आहे. समुद्रतळाच्या बऱ्याच खाली, विहिरीच्या नळीत एक सुरक्षा झडप असते. ती हायड्रॉलिक दाबाने उघडी राहते. दाब गेला की स्प्रिंग ती आपोआप बंद करते. वरचे सगळे उखडून गेले तर दाबही जातो आणि विहीर स्वतःच मिटते. निदान मिटायला हवी. या ‘हवी’वर किती वजन टाकायचे, यावर अभियंते आणि नियामक यांचे पुरते एकमत अजून नाही, आणि माझे मत नियामकांच्या बाजूचे आहे. एकाच झडपेवर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा खड्ड्याचा खर्च बरा.

आता पाइप. पाइप पुरायचा ठरवला तर किती खोल? चर मीटरभर खोल असेल तर दीड मीटरवर पुरलेला पाइप वाचेल, असे कोणालाही वाटेल. नांगर चालवलेल्या माणसाला मात्र ठाऊक असते की फाळाच्या खालची मातीही जागची हलते. हिमनगाच्या बुडाखालची माती अशीच पुढे आणि खाली ढकलली जाते, आणि बुडाचा स्पर्श न होताही पाइप तिच्याबरोबर वाकतो. न्यूफाउंडलंडची सी-कोर ही संशोधन संस्था १९७५ पासून बर्फाच्या प्रश्नांवर काम करते आहे. १९९० च्या दशकात तिने सेंट्रिफ्यूजमध्ये मातीचे छोटे नमुने वेगाने फिरवून, त्यांत नकली बूड ओढून हे हलणे मोजले. त्या प्रयोगांनी पाइप पुरण्याच्या खोलीचा प्रश्न बदलून टाकला. चराची खोली अधिक हलणाऱ्या मातीची जाडी, असा हिशेब आला. ग्रँड बँक्सच्या कठीण, गोट्यांच्या तळात एवढा खोल खंदक लांबच लांब खोदणे म्हणजे सोन्याचा खंदक.

मग दुसरा मार्ग निघाला, आणि माझ्या मते या सगळ्या शास्त्रातला तोच सर्वांत शहाणा विचार आहे. पाइप वाचवायचा हट्ट सोडा, तेल वाचवा. त्यासाठी फ्लोलाइन जोडीने टाकतात, म्हणजे जहाजातून एकीत समुद्राचे पाणी सोडून दुसरीतून तेल परत ओढता येते. हिमनग येतोय असे दिसले की विहिरी बंद करायच्या, पाइपांतले तेल पाण्याने धुऊन जहाजात घ्यायचे, आणि पाइप पाण्याने भरलेले सोडून द्यायचे. मग हिमनगाने पाइप ओढला, तोडला, तरी समुद्रात पाणीच जाईल. आणखी एक काळजी. ओढला गेलेला पाइप खड्ड्यातल्या ट्रीला किंवा मॅनिफोल्डला आपल्याबरोबर ओढू नये, म्हणून पाइपात एक मुद्दाम कमजोर ठेवलेला सांधा बसवतात. ठरलेल्या ताणाला तो सुटतो. विहीर जागची हलत नाही.

थंडीचा प्रश्न यापुढे किरकोळ वाटेल, पण तो रोजचा आहे. लॅब्राडोर प्रवाहामुळे ग्रँड बँक्सच्या तळाचे पाणी शून्याच्या आसपास, कधी त्याच्याही खाली असते. तेल जमिनीतून गरम येते, पाइपात निवते, मेण भिंतीला धरू लागते. तेल-वायूत पाणी असेल तर दाबाखाली हायड्रेट नावाचे बर्फासारखे गोळे तयार होतात आणि पाइप बंद पडतो. उपाय ठरलेले आहेत: पाइपाला उष्णतारोधक थर, बंद-चालू करताना मिथेनॉल, आणि तेल जास्त वेळ थांबू न देणे. मेणाचा त्रास मुंबई हायच्या तेलालाही आहे, तिथले तेल ३० अंशांच्या आसपासच गोठू लागते. फरक इतकाच की ग्रँड बँक्सवर उत्पादन थांबवण्याचे प्रसंग वादळाने आणि बर्फाने वारंवार येतात, आणि प्रत्येक थांबण्यानंतर पुन्हा सुरू करणे हा स्वतंत्र जोखमीचा उद्योग असतो.

खाली सगळे पुरले, धुतले, सोडवले. वर जहाज आणि त्याला लोंबणारे रायझर उरतात. तरंगती वस्तू रायझरवर आदळली तर काय होते, हे मराठी वाचकाला न्यूफाउंडलंडहून शिकायला नको. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतीचे जहाज आदळले, गॅसचा रायझर फुटला, आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून कोसळला. २२ माणसे गेली. ग्रँड बँक्सवर यावर काढलेला उपाय असा: जहाजाच्या पुढच्या भागात टरेट नावाची फिरती यंत्रणा, तिच्या खाली एक मोठा बोया. नांगराच्या साखळ्या आणि रायझर सगळे या बोयाला बांधलेले. वेळ आली की बोया सोडून द्यायचा. तो रायझरांसह ठरलेल्या खोलीपर्यंत बुडून तरंगत राहतो आणि जहाज मोकळे होऊन निघून जाते. टेरा नोव्हाच्या बाबतीत नीट तयारी करून सुटायला सुमारे चार तास, आणि आणीबाणीत १५ मिनिटे, असे गणित ठेवले होते.

सुटण्याची वेळ येऊ नये म्हणून बाहेर एक मोठी फळी काम करते. उपग्रहांची रडार चित्रे, पाहणीची विमाने, जहाजांवरची रडारे. प्रत्येक हिमनगाला क्रमांक, त्याची चाल, त्याचा अंदाजित मार्ग. उत्पादन थांबवून सुटायला लागणारा वेळ आणि हिमनग पोहोचायला लागणारा वेळ यांची सतत तुलना, आणि त्यावरून आखलेली वर्तुळे. बाहेरच्या वर्तुळात हिमनग ओढून बाजूला न्यायचा. ते काम बघण्यासारखे असते. पुरवठा करणारे जहाज मागे तरंगता दोर सोडत हिमनगाला संथ फेरी घालते, दोराची दोन्ही टोके जुळवते, मग हळूहळू ताण घेते. ताण जास्त झाला की हिमनग उलटतो किंवा दोर त्याच्या गुळगुळीत अंगावरून निसटतो. गोल, घासून गुळगुळीत झालेले हिमनग सर्वांत त्रासाचे, त्यांना जाळे टाकावे लागते. लहान तुकड्यांना पाण्याच्या तोफेने किंवा पंख्याच्या झोताने ढकलतात. हिमनग परत फिरवायचा नसतो, त्याची वाट काही अंशांनी वळवायची असते, आणि बहुतेक वेळा ते जमते. न जमणारे प्रसंग येतात ते वादळात, धुक्यात आणि उसळत्या लाटांत, जेव्हा घराएवढा बर्फाचा तुकडा रडारवर लाटांच्या गोंगाटात हरवून जातो.

आणि मग २९ मार्च २०१७. सी रोझच्या दिशेने एक हिमनग येत होता. साधारण ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद, पाण्यावर ८ मीटर उंच. हिम गस्तीच्या वर्गवारीत हा ‘लहान’ हिमनग. जहाजावर ८४ माणसे आणि ३ लाख ४० हजार बॅरल तेल होते. सी रोझ चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या बर्फ व्यवस्थापन आराखड्यात स्पष्ट लिहिले होते की हिमनग पाव सागरी मैलाच्या आत आला तर बोया सोडून निघायचे. हिमनग त्या अंतराच्या आत आला. जहाज सुटले नाही. माणसांना एकत्र जमवले, एका क्षणी आदळण्यासाठी सावरून राहा असे सांगितले. हिमनग सुमारे १८० मीटरवरून निघून गेला. कोणालाही इजा झाली नाही, तेल सांडले नाही. जानेवारी २०१८ मध्ये नियामक मंडळाने सी रोझचे काम काही दिवस बंद करायला लावले. कारण धडक नव्हतेच. कारण होते लिहिलेला आराखडा ऐन वेळी न पाळणे.

८४ हा आकडा न्यूफाउंडलंडमध्ये कोणी सहज उच्चारत नाही. १५ फेब्रुवारी १९८२ रोजी याच पट्ट्यात ओशन रेंजर ही खोदाईची रिग वादळात बुडाली, तेव्हाही तिच्यावर ८४ माणसे होती. त्यांतले कोणीही वाचले नाही.

टरेट, बोया, १५ मिनिटांची सुटका, या सगळ्यावर अमाप पैसा ओतला होता. ते यंत्र चालले असते, याबद्दल मला शंका नाही. पण बोया सोडणे म्हणजे कित्येक दिवसांचे उत्पादन सोडणे, परत जोडताना चांगल्या हवामानाची वाट पाहणे, आणि नंतर कोणीतरी विचारणे की खरेच गरज होती का. बोया सोडण्याची ताकद आराखड्याने जहाजाला दिली, ती वापरण्याची सोय मात्र माणसाला दिली नाही. ठरलेल्या वर्तुळात हिमनग आला की कोणाला न विचारता सुटायचे, आणि नंतर त्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही, असा नियम हा पोलादाइतकाच आराखड्याचा भाग असायला हवा.

दुसरी घटना पुढच्याच वर्षीची, आणि ती जास्त बोचरी. नोव्हेंबर २०१८ मध्ये वादळामुळे सी रोझचे उत्पादन थांबले होते. १६ नोव्हेंबरला, समुद्र अजून उसळलेला असताना, ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला. साउथ व्हाइट रोझच्या खड्ड्याजवळ फ्लोलाइनचा एक सांधा सुटला आणि सुमारे अडीच लाख लिटर तेल समुद्रात गेले. त्या प्रांताच्या समुद्रातली ती तोवरची सर्वांत मोठी गळती. सुटलेला सांधा होता तोच, हिमनगाने पाइप ओढला तर विहीर वाचावी म्हणून मुद्दाम कमजोर ठेवलेला. हिमनग जवळपासही नव्हता.

यावरून कमजोर सांध्याची कल्पनाच चुकीची, असे काहींनी म्हटले. मला ते पटत नाही. त्या सांध्याचा करार असा आहे की तो तुटेल तेव्हा पाइपात तेल नसेल. हिमनग येताना धुवून घ्यायला वेळ मिळतो, म्हणून हा करार पाळता येतो. वादळानंतरच्या घाईत तेल भरलेल्या पाइपावर ताण आला तर तो करार मोडतो. म्हणजे सांधा बसवला की काम संपत नाही. कोणत्या लाटांत सुरू करायचे नाही, दाब कसा आणि किती वाढवायचा, दाब अचानक पडला तर किती सेकंदांत विहीर बंद करायची, हे सगळे त्या सांध्याबरोबरच आखावे लागते.

ग्रँड बँक्सबाहेर नजर टाकली तर चित्र विरळ आहे. कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये मेलव्हिल बेटाजवळ १९७८ साली पॅनार्क्टिक कंपनीने ड्रेक एफ-७६ ही विहीर ५५ मीटर पाण्यात समुद्रतळावर बसवली आणि किनाऱ्यापर्यंत पुरलेला पाइप टाकला. काम तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाले, गॅस विकायला बाजार मिळाला नाही. लॅब्राडोरच्या किनाऱ्यासमोर १९७३ च्या ब्यार्नी विहिरीपासून पुढे गॅसचे साठे सापडले, एकूण सुमारे ४.२ लाख कोटी घनफूट, आणि ते आजही तसेच आहेत. तिथे गॅस किनाऱ्याला आणायला पाइप लागणार, आणि तो पाइप हिमनगांच्या मुख्य वाटेला आडवा टाकावा लागणार. तेलासारखा गॅस टँकरात सहज भरता येत नाही, हीच तिथली गाठ. रशियाच्या बॅरेंट्स समुद्रातला श्टोकमन प्रकल्प, किनाऱ्यापासून सहाशे किलोमीटर, सुटू शकणारे जहाज आणि समुद्रतळावरच्या विहिरी असा आखला होता. २०१२ मध्ये तो गुंडाळला गेला, मुख्यतः खर्चामुळे. नॉर्वेचे स्नोव्हिट २००७ पासून १४३ किलोमीटर पाइपाने थेट किनाऱ्याशी जोडलेले आहे आणि समुद्रावर काहीच तरंगत नाही. पण तिथे उबदार प्रवाहामुळे बर्फ येत नाही, म्हणून स्नोव्हिटचे उदाहरण हिमनगांच्या समुद्राला लावणे चुकीचे. ग्रीनलंडच्या पश्चिमेला २०१० आणि २०११ मध्ये केर्न कंपनीने विहिरी खोदल्या, हिमनग ओढत ओढत. विकण्याजोगे काही सापडले नाही. २०२१ मध्ये ग्रीनलंडच्या सरकारने नवे शोध परवाने देणेच थांबवले.

व्हाइट रोझचे पुढचे पाऊल मात्र सूचक आहे. वेस्ट व्हाइट रोझसाठी आणखी खड्डे न खोदता काँक्रीटच्या पायावरचा खोदाई प्लॅटफॉर्म निवडला गेला. न्यूफाउंडलंडमधल्या आर्जेन्शियात बांधलेला हा पाया २०२५ मध्ये समुद्रात नेऊन बसवला. विहिरी पुन्हा काँक्रीटच्या पोटात गेल्या, तेल मात्र सी रोझकडेच जाणार. समुद्रतळावर पसरण्याच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवानंतर कंपनीने पैशाचा हिशेब करून अर्धे वळण घेतले आहे. त्याला अपयश म्हणायचे कारण नाही. विहिरी पुष्कळ आणि एकाच भागात असतील तर खड्ड्यांपेक्षा पाया स्वस्त पडतो, इतकेच त्यातून सिद्ध होते.

उलट दिशेला बे द्यु नॉर्ड हे तेलक्षेत्र आहे. फ्लेमिश पासमध्ये, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स शहरापासून सुमारे ५०० किलोमीटर, पाणी हजार मीटरहून खोल. एवढ्या खोलीत कोणत्याच हिमनगाचे बूड पोहोचत नाही. विहिरींना खड्डा नको, पाइपांना खंदक नको, कमजोर सांध्याचे एक मुख्य कारणच नाहीसे होते. २०१३ मध्ये सापडलेल्या या क्षेत्राला एप्रिल २०२२ मध्ये पर्यावरणाची मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये इक्विनॉर कंपनीने खर्चाचे कारण देऊन ते पुढे ढकलले. तेही तरंगत्या जहाजावरच चालायचे आहे, किनारा आणखी दूर आहे, आणि हिमनगांची वाट तिथूनही जाते. हा प्रकल्प पुन्हा टेबलावर येईल तेव्हा समुद्रतळाचा भाग सोपाच दिसेल. नियामकाने वेळ घालवायचा तो जहाजाच्या भागावर: हिमनग किती अंतरावर आल्यावर बोया सोडायचा, तो आदेश कोण देणार, आणि तो आदेश दिल्यामुळे बुडालेल्या उत्पादनाचा भार कोणावर. मंजुरीच्या कागदांत या तीन गोष्टी नावासकट लिहिलेल्या नसतील, तर मंजुरी देऊ नये.